साधी, ईएफबी की एजीएम? गाडीच्या बॅटरीचा प्रकार बदलताना

बॅटरीच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "कुठली गाडी?" आणि दुसरा, "साधी देऊ की स्टार्ट-स्टॉपवाली?" या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. मग समोरचा जे देईल ते घेऊन आपण घरी येतो. किमतीत फरक, दिसायला सारखाच डबा, गाडीही सुरू होते. घोळ कळायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तोवर बिल कुठे ठेवलंय तेही आठवत नाही.

मी जुनी पेट्रोल सेडान घेतली, एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंगची. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय (स्टार्ट-स्टॉप) तिच्यात होती, पण ती कधी चालायचीच नाही. आधीच्या मालकाने कंपनीची ईएफबी (स्टार्ट-स्टॉपसाठीची जास्त दणकट बॅटरी) काढून साधी बॅटरी टाकली होती. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "चालतंय की साहेब, कशाला खर्च करता?" चालत होतं हे खरं, पण ती बॅटरी रोज थोडी थोडी मरत होती. पुन्हा ईएफबीवर जाताना जे शोधावं, विचारावं, मोजावं लागलं ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. बॅटरी कुठली बसवायची हे गाडीची चार्जिंगची यंत्रणा ठरवते. किंमत किंवा दुकानात काय शिल्लक आहे यावर ते ठरवू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

१. आधी बॅटरीच गेली आहे याची खात्री करा

गाडी सेल घेत नाही म्हणजे बॅटरी गेली असं लगेच धरू नका. टर्मिनल सैल असतं, अल्टरनेटर चार्ज करत नसतो, नाहीतर डॅशकॅम रात्रभर करंट ओढत असतो. नवी बॅटरी टाकूनही महिन्याभरात तीच रड सुरू होते ती यामुळे.

मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात चार-पाचशेपर्यंत मिळतो. तीन मापं घ्या.

पहिलं, सकाळी, गाडी रात्रभर बंद असताना. आदल्या दिवशी गाडी बऱ्यापैकी चाललेली असावी. शिशाच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम (काचेच्या तंतूंच्या चादरीत ॲसिड धरून ठेवणारी बॅटरी) असेल तर पूर्ण भरल्यावर १२.८ च्या आसपास किंवा थोडं वर असतं.

दुसरं, कुणाला तरी सेल मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा भरलेलीच नाही.

तिसरं, इंजिन चालू ठेवून. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतील. नव्या गाड्यांतला अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. त्यात आकडा कधी साडेबाराजवळ, कधी पंधराजवळ जातो, तो बिघाड नव्हे. पण जुन्या, साध्या अल्टरनेटरच्या गाडीत सतत १४.८ च्या वर दिसलं तर आधी रेग्युलेटर दाखवा. हा तिसरा आकडा कागदावर लिहून ठेवा, तिसऱ्या पायरीत लागेल.

आपल्याकडे बॅटऱ्या हिवाळ्यात दगा देतात, म्हणून थंडीला बोल लावला जातो. खरं नुकसान एप्रिल-मेमध्ये झालेलं असतं. पारा चाळिशीला असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं, आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून ते जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीत तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकद उतरते, आणि तेव्हा हिशोब बाहेर येतो. निफाड-पिंपळगावकडे जिथे पारा चार-पाच अंशांपर्यंत येतो, तिथे तर हमखास. त्यामुळे तपासणी ऑक्टोबरातच उरकून घ्या.

२. कंपनीने कोणती दिली होती ते शोधा

गाडीत सध्या काय आहे आणि कारखान्यातून काय आलं होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सेकंडहँड गाडीत तर फारच वेगळे. बॅटरीवरचं लेबल फक्त पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्यासाठी मालकाची पुस्तिका काढा. ती हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते. नाहीतर सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन मूळ बॅटरीचा पार्ट नंबर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

साधी बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि द्रवरूप ॲसिड. वरची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकायची असो की सीलबंद मेंटेनन्स फ्री असो, आतून जात एकच. सेल मारताना एकदा जोरात करंट द्यायचा आणि मग लगेच भरून घ्यायचं, एवढंच काम तिला जमतं.

ईएफबी हीसुद्धा द्रव ॲसिडचीच, पण पट्ट्या जास्त दणकट, त्यावरचा लेप निसटू नये म्हणून पॉलिएस्टरची जाळी. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहून पुन्हा पुन्हा सेल मारण्याचं काम ती साध्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा करते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हीच असते.

एजीएममध्ये ॲसिड मोकळं नसतं. पट्ट्यांच्या मध्ये काचेच्या तंतूंची चादर असते आणि ती स्पंजसारखी सगळं ॲसिड धरून ठेवते. चार्ज होताना तयार होणारा वायू आतल्या आतच पुन्हा पाणी होतो. ही खोल वापर सहन करते, लवकर भरते. मात्र तिला जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता दोन्ही मानवत नाहीत. एकदा पाणी उडालं की वरून टाकायची सोय नाही. महागड्या युरोपीय गाड्यांत ही बॅटरी डिकीत किंवा सीटखाली दिसते, त्यामागे उष्णतेपासून लांब ठेवणं हेही एक कारण आहे.

काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत सीटखाली एक छोटी लिथियम-आयन बॅटरी वेगळी असते. तिला हात लावू नका, हा लेख तिच्यासाठी नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, नेक्सॉन ईव्हीतसुद्धा. तिचा प्रकार मात्र पुस्तिकेत असेल तोच ठेवा.

३. कुठून कुठे जाता येतं

साधीवरून ईएफबी: जाता येतं. व्होल्टेजची गरज जवळपास सारखीच, बाकी कशाला हात लावावा लागत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे. इंदिरानगरहून कॉलेज रोड, तिथून गंगापूर रोड, परत घरी, असं दिवसभर तीन-चार वेळा सेल मारून दहा-दहा मिनिटं गाडी चालवली की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या साध्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात. ईएफबी ही सवय जास्त काळ सोसते. स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाडीतही चालेल, पण तुम्ही रोज सिन्नर किंवा दिंडोरीला तीस-चाळीस किलोमीटर जात असाल तर साधीच घ्या. जास्तीचे पैसे वाचवा.

साधीवरून एजीएम: अटी घालून. पहिल्या पायरीतला तिसरा आकडा आता बघा. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४ च्या आसपास स्थिर असेल तर एजीएम नीट भरेल. १३.८ च्या वर जातच नसेल तर ती कायम अर्धपोटी राहील. १४.८ च्या पुढे असेल तर ती सुकेल. शिवाय आपल्या उन्हाळ्यात इंजिनाला चिकटून बसलेल्या जागेत एजीएम टाकायचा आग्रह मी धरणार नाही. मोठा म्युझिक सिस्टीम, गाडी उभी असताना चालणारा फ्रिज, जास्तीचे दिवे असं काही असेल तर विचार करा. नसेल तर साध्याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे घालून हाती फारसं लागत नाही.

ईएफबीवरून एजीएम: गाडीच्या कॉम्प्युटरला नवा प्रकार सांगता येत असेल तर. याबद्दल आठव्या पायरीत लिहिलं आहे.

ईएफबी किंवा एजीएमवरून साधी: नको. दुकानदार सर्वांत जास्त हीच सुचवतात, कारण साधी बॅटरी लगेच हातात असते. गाडी सुरू होते, दिवे लागतात, गिऱ्हाईक खूश. पण अशा गाडीची यंत्रणा मुद्दाम बॅटरी काठोकाठ भरत नाही. उतारावर, ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा साठवायला थोडी जागा रिकामी ठेवते. साध्या बॅटरीला हे अर्धवट भरलेपण सोसत नाही. "स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद ठेवा, मग साधी चालते," हा सल्लाही अर्धाच बरोबर आहे. बटणाने इंजिन बंद पडणं थांबतं, चार्जिंगची पद्धत बदलत नाही.

मूळ एजीएम डिकीत किंवा सीटखाली असेल तर त्या जागी साधी बसवणं धोक्याचंही आहे. साध्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, आणि ती जागा माणसांच्या शेजारची. अशा जागेतल्या कुठल्याही बॅटरीला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती जोडलेली हवीच.

एजीएमवरून ईएफबी हीदेखील खालची पायरी आहे. पुस्तिकेत दोन्ही प्रकार दिलेले असतील तरच करा.

४. लिथियमचा मोह

पिंपळगावच्या माझ्या मावसभावाने पिकअपसाठी इंटरनेटवर लिथियमची बॅटरी पाहून ठेवली होती. फोनवर म्हणाला, "दादा, वजन निम्म्याहून कमी, दहा वर्षं बघायला नको. घेऊन टाकू का?" मी त्याला घेऊ नको म्हणालो, आणि का ते इथे सांगतो.

या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट, म्हणून शिशाच्या बॅटरीच्या जागी बसेल असं वाटतं. पण आत एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. व्होल्टेज, करंट किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं की ती बॅटरी तोडून टाकते. गाडी चालू असताना, अल्टरनेटर जोरात करंट देत असताना अशी अचानक तोड झाली तर तो करंट जाणार कुठे? व्होल्टेज एकदम उसळतं, आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीतला एखादा कॉम्प्युटर जाऊ शकतो. शिशाची बॅटरी असे झटके पोटात घेते, ते काम ही करत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. या सेलना साठ अंशांच्या वर राहणं घातक आहे, आणि मे महिन्यात कसारा घाट चढून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तेवढं तापमान सहज असतं. तिसरी, ही बॅटरी रिकामी असताना मिळेल तेवढा करंट ओढते, त्यामुळे छोटा अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालत राहून तापतो. शिवाय वाहनाच्या वॉरंटीच्या आणि विम्याच्या दाव्यात बाहेरून केलेला बदल म्हणून प्रश्न उभा राहू शकतो, तो वेगळाच.

लिथियमचा उपयोग आहे, पण वेगळ्या जागी. कॅम्पिंगच्या गाडीत मागे पंखा-फ्रिजसाठी दुसरी बॅटरी ठेवायची असेल तर ती लिथियमची घ्या आणि मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या करंटवर दुसरी बॅटरी बेताने भरणारा) लावा. सेल मारायची बॅटरी शिशाचीच राहू द्या. मावसभावाने शेवटी त्याच पैशात चांगली शिशाची बॅटरी घेतली आणि फवारणीच्या पंपासाठी वेगळी छोटी लिथियम.

५. माप, टर्मिनल आणि क्लॅम्प

प्रकार ठरला की माणूस निर्धास्त होतो आणि नेमका इथे फसतो. आपल्या बाजारात दोन घराण्यांच्या बॅटऱ्या आहेत.

जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांवर ३८बी२०एल, ४६बी२४एल असे आकडे असतात (लेबलवर रोमन अक्षरांत). पहिला आकडा ताकदीचा, मधलं अक्षर रुंदी-उंचीचं, पुढचे दोन आकडे लांबीचे, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे बी२० साधारण वीस सेंटिमीटर लांब, बी२४ साधारण चोवीस. शेवटचं एल किंवा आर टर्मिनलची बाजू सांगतं. या बॅटऱ्या अरुंद आणि उंच असतात. टर्मिनल वर आलेले असतात आणि पुष्कळदा बारीक असतात.

युरोपीय पद्धतीच्या म्हणजे डीआयएन ४४, डीआयएन ५५ वगैरे. रुंद आणि बुटक्या. टर्मिनल जाड आणि खोलगट जागेत बसवलेले. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत या बऱ्याच दिसतात.

एका घराण्याची बॅटरी काढून दुसऱ्याची बसवणं तत्त्वतः शक्य आहे, पण मी ते टाळा असंच सांगेन. कारण तीन ठिकाणी अडतं. जाड टर्मिनलची वायर बारीक टर्मिनलवर सैल बसते, मग गॅरेजवाला पत्र्याची पट्टी किंवा शिशाची टोपी घालून भागवतो. तिथे ठिणगी पडते, तापतं, पांढरी-हिरवट पूड जमते. दुसरं, डीआयएन बॅटरी तळाच्या कडेला एका छोट्या क्लॅम्पने आणि बोल्टने धरलेली असते, तर जपानी पद्धतीची वरून पट्टी टाकून दोन लांब हुकांनी आवळतात. बॅटरी बदलली पण पकड बदलली नाही तर बॅटरी ट्रेमध्ये हलत राहते, आणि आपल्या रस्त्यांवर हलणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी साचतो. तिसरं, उंची. उंच बॅटरीचा प्लस बॉनेटच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट. बॉनेट हळू खाली आणून, टर्मिनलवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बघा. गोळा किती दबला त्यावरून अंतर कळतं. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी वाटलं तर ती बॅटरी घेऊ नका.

एल आणि आरचं पाठांतर करायची गरज नाही. गाडीच्या समोर उभं राहून जुन्या बॅटरीचा फोटो काढा. प्लस डावीकडे आहे की उजवीकडे, टर्मिनल तुमच्या बाजूला आहेत की काचेच्या बाजूला, हे फोटोत यायला हवं. दुकानात नवी बॅटरी त्याच दिशेने ठेवून फोटोशी ताडून बघा. उलट निघाली तर वायर ताणून बसवायला देऊ नका.

ॲम्पियर-अवरचा (बॅटरीच्या क्षमतेचा) आकडा मूळच्या एवढा किंवा थोडा जास्त चालतो. थोडी मोठी बॅटरी टाकली तर अल्टरनेटर जळत नाही, तो गैरसमज आहे. ट्रेमध्ये मावते का तेवढंच बघा. मूळच्यापेक्षा लहान मात्र घेऊ नका.

६. खरेदीला जाताना

सोबत हे ठेवा:

- आरसीची प्रत किंवा मोबाइलवरची आरसी
- जुन्या बॅटरीच्या लेबलचा आणि जागेचा फोटो
- पुस्तिकेतल्या बॅटरीच्या पानाचा फोटो
- जुनी बॅटरी वॉरंटीत असेल तर तिचं बिल आणि कार्ड
- मल्टिमीटर

नाशिकमध्ये द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाक्याच्या पट्ट्यात आणि सातपूर-अंबडकडे बॅटरीची दुकानं मुबलक आहेत. दोन-तीन ठिकाणी फोन करून एकच वाक्य विचारा: "अमुक गाडी, अमुक नंबरची ईएफबी, जुनी बॅटरी देऊन किती?" जुनी बॅटरी धरून आणि न धरता, असे दोन्ही भाव घ्या. फोनवर स्वस्त सांगून दुकानात जुनीचे पैसे कमी करण्याचा प्रकार होतो. ईएफबी ताज्या साठ्यात नसेल तर मागवून घ्या. एक-दोन दिवस थांबायला लागले तरी चालतील, "तोवर ही साधी घेऊन जा" याला हो म्हणू नका.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी. बनवल्याचा महिना विचारा. तो बॅटरीवर सांकेतिक अक्षरांत असतो, दुकानदाराला उलगडून सांगायला लावा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल घेऊ नका. आणि दुकानातच मीटर लावा. १२.५ पेक्षा कमी दिसलं तर दुसरी मागा किंवा चार्ज करून मागा. चांगला दुकानदार यावर चिडत नाही.

वॉरंटी "२४ अधिक २४" अशी लिहिलेली असते. पहिले चोवीस महिने बॅटरी फुकट बदलून मिळते, पुढचे चोवीस महिने फक्त किमतीत सूट, तीही महिन्यागणिक घटत जाणारी. "अठ्ठेचाळीस महिन्यांची वॉरंटी" हे ऐकून हुरळून जाऊ नका, पहिला आकडा बघा. टॅक्सी पासिंगच्या गाडीला मुदत बहुधा कमी असते. कार्डावर गाडीचा नंबर, बॅटरीचा सीरियल नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथेच भरून घ्या, ऑनलाइन नोंदणी तिथेच करून घ्या. कंपनीच्या यादीत तुमच्या गाडीसाठी ती बॅटरी नसेल तर दावा नाकारता येतो, म्हणून यादी दाखवायला सांगा.

७. काढणं आणि बसवणं

बरीच दुकानं घरी येऊन बसवून देतात. स्वतः करायचं असेल तर १० नंबरचा पान्हा, क्लॅम्पच्या खोल बोल्टसाठी सॉकेट आणि एक्स्टेन्शन, रबरी हातमोजे, चष्मा, खायचा सोडा, जुना ब्रश आणि व्हॅसलिन लागेल. दुसऱ्याकडून करून घेत असाल तरी पुढचा क्रम डोळ्यांसमोर होऊ द्या.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. प्लस आणि बॉडीच्या मध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते. यात कुचराई करू नका.

इंजिन बंद, सगळे दिवे बंद, चावी खिशात, एक काच उघडी. वीज तुटल्यावर काही गाड्यांचे दरवाजे लॉक होतात. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा. इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे कॉम्प्युटर झोपी जातात.

आधी मायनस काढा, मग प्लस. बसवताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस बॉडीला जोडलेला असतो. तो आधी काढला की प्लसवर काम करताना पान्हा पत्र्याला लागला तरी काही होत नाही.

नव्या गाड्यांत मायनसच्या वायरवर काडेपेटीपेक्षा लहान एक सेन्सर असतो. त्याला पान्ह्याने उपटू नका, हातोडी मारू नका. टर्मिनल अडकलं असेल तर बोल्ट पुरेसा सैल करून हलके डावी-उजवीकडे फिरवा.

बॅटरी दहा ते पंधरा किलोची किंवा जास्त असते. कमरेत न वाकता सरळ उचला, आडवी करू नका. ट्रे रिकामा झाला की तो बघा: पांढरी पूड असेल तर सोडा टाकलेल्या पाण्याने धुवा, फेस थांबेपर्यंत, मग कोरडं करा. टर्मिनलच्या आतल्या बाजूचा काळपट थर ब्रशने काढून ती चकचकीत करा.

बॅटरीभोवती काळं कापडी किंवा प्लास्टिकचं वेष्टन असेल तर ते परत चढवा. घाईत ते बाजूला टाकून दिलं जातं. इंजिनाची उष्णता अडवायला ते दिलेलं असतं, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात त्याची खरी गरज आहे.

क्लॅम्प आधी आवळा, मग टर्मिनल. बॅटरी हाताने हलवून बघा, गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. टर्मिनल पोस्टवर पूर्ण खाली बसलेलं हवं, पण ठोकून नव्हे. सगळं आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ थर. आवळण्याआधी लावलं तर जोड कच्चा राहतो.

८. गाडीला नवी बॅटरी ओळखवून द्या

साध्या गाडीत घड्याळ लावलं, काचा वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवलं, इंजिन पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं की झालं. स्टीअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागला तर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडी चक्कर मारा, सहसा जातो.

सेन्सरवाल्या गाडीत एवढ्यावर भागत नाही. जुन्या बॅटरीची क्षमता किती घटली होती ते कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेलं असतं, आणि तो नवीलाही त्याच हिशोबाने चार्ज करत राहतो. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून नवी बॅटरी नोंदवावी लागते. प्रकार ईएफबीवरून एजीएम केला असेल किंवा ॲम्पियर-अवर बदलले असतील तर तेही त्यात भरावे लागतात. बॅटरी घेण्याआधीच विचारा, "तुमच्या स्कॅनरमध्ये माझ्या गाडीचं बॅटरी रीसेट आहे का? प्रकार बदलता येतो का?" नुसता एरर खोडणारा स्कॅनर पुरत नाही. दुकानात सोय नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या.

काही गाड्या स्वतःच शिकतात. माझ्या गाडीत रात्रभर लॉक करून उभी ठेवल्यावर, मग दोन दिवस नेहमीसारखी चालवल्यावर स्टार्ट-स्टॉप आपोआप सुरू झालं. त्यामुळे पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद पडलं नाही म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. एसी जोरात असेल किंवा इंजिन गार असेल तरी ते चालत नाही.

पुढे कधी चार्जर किंवा जंपर केबल लावायची वेळ आली तर काळी वायर मायनस पोस्टवर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर लावा. म्हणजे करंट सेन्सरमधून जातो आणि हिशोब चुकत नाही. एजीएमसाठी चार्जरवर एजीएमचं बटण असायला हवं.

९. जुनी बॅटरी दुकानातच द्या

दारावरचा भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देईल, तरी देऊ नका. त्याच्याकडून बॅटरी अशा ठिकाणी जाऊ शकते जिथे ती फोडून शिसं काढतात आणि ॲसिड गटारात ओततात. आपल्या शहरातलं गटार नासर्डी नदीत आणि नासर्डी गोदावरीत जाते. शिसं पाण्यातून, मातीतून लहान मुलांच्या शरीरात जातं आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून अधिकृत पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि वापरणाऱ्याने ती इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी द्यायची आहे. दुकानदार बिलात जुन्या बॅटरीची वजावट दाखवतो, तीच पावती पुरेशी. नेताना बॅटरी उभी, प्लस टर्मिनलवर चिकटपट्टी, आणि डिकीत खाली जुनं प्लास्टिक.

१०. पहिले काही आठवडे

आठवड्याभराने बोल्ट पुन्हा एकदा तपासा, विशेषतः घाटातून जाऊन आला असाल तर. सकाळचं व्होल्टेज दोन-तीन वेळा मोजा. नव्या ईएफबीवर सतत १२.४ च्या खाली दिसत असेल तर एकतर तुमचा प्रवास फार छोटा आहे, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट ओढतंय. पहिल्यासाठी आठवड्यातून एकदा त्र्यंबक रोडने किंवा हायवेने तीस-चाळीस मिनिटं सलग चालवा. दुसऱ्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियनला "पार्किंग करंट मोजून द्या" म्हणा. गाडी पूर्ण झोपल्यावर तो पन्नास मिलिॲम्पियरच्या आत हवा. जास्त असेल तर आधी डॅशकॅम, जीपीएस आणि बाहेरून बसवलेलं म्युझिक एकेक करून काढून मोजायला सांगा.